मार्थामावशीनं मागे घेतलेली साक्ष

मार्थामावशी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची. ही गोष्ट बरीच वर्षं फक्त मला ठाऊक होती, कारण ती पकडायची तर पाहणाऱ्याचेही डोळे उघडे हवेत. माझे होते. लग्नानंतरचा आमचा पहिला नाताळ होता. माझी बायको रीना हिच्या चर्चमधली पंधरावीस माणसं आमच्या हिंगणा रोडवरच्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं बसली होती. सगळ्यांच्या माना खाली, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू होऊन बराच वेळ झालेला. मी बौद्ध घरातला. आमच्याकडे वंदना होते, पण कोणाकडे काही मागायची रीत नाही. त्यामुळे अशा वेळी डोळ्यांचं काय करायचं हे मला कळेना आणि मी खोलीभर नजर फिरवत होतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती. हात जोडलेले, ओठ हलताहेत आणि डोळे टक्क उघडे. नजरानजर झाली तसा मी ओशाळलो. ती अजिबात ओशाळली नाही. तिनं भुवईनं स्वयंपाकघराकडे खूण केली. मी उठून पाहिलं तर चहाचं दूध पातेल्याच्या काठाला आलं होतं.

आमेन झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "जवाईबापू, दूध उतू गेलं असतं तर देवाले काय खुशी झाली असती? सिस्टर होती मी. पेशंटसमोर डोळे मिटायची सवयच नाई लागली." तेव्हापासून आमची गट्टी जमली.

मावशी जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल चर्चमध्ये अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, अशी विश्वासू बाई पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, म्हातारपणी तिनं चांगल्या नावाला बट्टा लावून घेतला. मी दोन्हींकडे नाही. जे झालं ते माझ्या घरात झालं, म्हणून ते मी सांगतो.

मिशनच्या दवाखान्यात तिनं सारं आयुष्य काढलं. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. रीनाची आई तिच्याच वॉर्डात नर्स होती, दोघींची जिवाभावाची मैत्री. रीना कॉलेजात असताना तिची आई वारली आणि कोणी न सांगता मावशीनं ती जागा घेतली. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून ती एकटी राहायची. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये थर्मामीटर, सेफ्टी पिना आणि रबरबँड लावलेलं बायबल. आमच्या घरी आली की आधी पलंगाची चादर ओढून तिचे कोपरे दवाखान्यासारखे मुडपून टाकायची आणि मगच पाणी प्यायची.

वॉर्डात ड्यूटी बदलताना जुनी सिस्टर नव्या सिस्टरला एकेका पेशंटची हकीकत सांगते. त्याला त्या लोकांत 'ओव्हर' देणं म्हणतात. मावशीची प्रार्थना म्हणजे देवाला दिलेला ओव्हरच असायचा. आमच्या शेजारच्या काकांसाठी तिनं केलेली प्रार्थना मला पाठ आहे. "हे स्वर्गीय पित्या, काकांचं बीपी आज वाढलेलं आहे. मीठ सोडत नाईत, लोणचं लपवून खातात, तू पाहूनच राहिला. त्याईच्या बायकोले धीर दे आन् त्याईले अक्कल दे. आमेन." काका समोरच बसले होते.

मी चुका काढणारा माणूस आहे. हिंगण्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधायची आणि संध्याकाळी तीच सवय घरच्यांवर चालवायची, असा माझा स्वभाव. मी मावशीला एकदा खोचकपणे विचारलं, "देवाला सगळं माहीत असतं म्हणता, मग त्याला एवढं बारीकसारीक कशाला सांगता?" ती म्हणाली, "डॉक्टरलेही माहीत असते. तरी ओव्हर द्याच लागते. देणारीनं पेशंटकडे नीट पाह्यलं का नाई, ते त्याच्यातून समजते." मला यात खोट सापडली नाही.

रीना एकतीस वर्षांची होती आणि आमची ग्रेसी पाच वर्षांची, तेव्हा रीनाला छातीत गाठ लागली. बालवाडीत शिकवायची ती. पोरांत असली की तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. गाठीचं तिनं मला सांगितलं नाही, मावशीला सांगितलं. मावशीनं बोटांनी तपासलं, तिचा दुपट्टा नीट केला आणि म्हणाली, "उद्या सकाळी आठ वाजता तयार राह्य. फाइल लागते एक, नवी घे." रीनानं विचारलं, "मावशी, प्रार्थना नाही करत?" "आज नाई वं. आज नंबर लावायचा आहे." हे सगळं मला संध्याकाळी कळलं आणि मी दोघींवर खूप ओरडलो. भीती वाटली की मी ओरडतो. हे रीनाला लग्नाआधीपासून माहीत होतं.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात उपचार सुरू झाले. आधी किमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचे शेक, असं ठरलं होतं. दर तिसऱ्या आठवड्याला किमो. मावशी प्रत्येक वेळी बरोबर असायची. तिथल्या तरुण नर्स तिला पाहून उगाच टोप्या सारख्या करायच्या. सलाइन सुरू झालं की ती रीनाच्या पायाशी उभी राहायची, एक हात पलंगाच्या दांडीवर ठेवायची आणि डोळे उघडे ठेवूनच सुरू करायची. "हे पित्या, रीना, आज तिसरी किमो. उजव्या हाताची नस मिळून नाई राहिली. चार वेळा टोचलं, पोरगी रडली नाई. तोंडात फोड आहेत, थंड दहीभातच जाते. केस गेले, त्याचं तिले लय दुःख आहे, पण सांगत नाई. टोचणारी सिस्टर नवीन आहे, तिचा हात कापते, तिलेही सांभाळ. आमेन." केसांचं दुःख मला माहीत नव्हतं. मी पिशवी धरून बाजूला उभा होतो आणि माझ्या बायकोविषयी मला प्रार्थनेतून कळत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चर्चनं साखळी प्रार्थना ठेवली. दिवसाचे तास वाटून घ्यायचे, एकेका घरानं एकेक तास धरायचा आणि साखळी तुटू द्यायची नाही, अशी ती पद्धत. मावशीनं कागदावर नावं लिहिली आणि सकाळी सहा ते सातच्या समोर माझं नाव घातलं. मी म्हणालो, "मावशी, मी प्रार्थना करत नाही, तुम्हाला माहीत आहे. शिवाय सहाला माझी कंपनीची बस असते."

"मंग बसमध्ये बसा."

"आणि करू काय?"

"काही नका करू. तिच्याकडे ध्यान ठेवा. मोबाइल नका पाहू, बाजूवाल्याशी बोलू नका. एक तास फक्त तिच्याकडे. जमते का पाहा."

मला वाटलं, यात काय आहे. बस निघाली. दहाव्या मिनिटाला माझं मन सुट्या भागांच्या ट्रेवर गेलं. ओढून आणलं तर ग्रेसीच्या शाळेच्या व्हॅनवर गेलं. तासाभरात मी रीनाला किती वेळा सोडलं आणि किती वेळा परत धरलं याला गणती नाही. कारखान्याच्या फाटकाशी उतरताना माझी मान आखडली होती आणि डोळे भरून आले होते. ती प्रार्थना होती की नाही हे मी मावशीला कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. शेकही पुरे झाले. ते उपासकाळाचे दिवस होते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती घरांत आवडीची एखादी गोष्ट सोडतात. ग्रेसीला संत्राबर्फी जीव की प्राण. तिनं बर्फी सोडली आणि रोज संध्याकाळी गुडघे टेकून म्हणायची, "येशू, मी बर्फी खात नाही, तू मम्मीला बरं कर." आम्हाला कौतुक वाटायचं. ईस्टरनंतर तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, सध्या कुठे काही दिसत नाही, रिपोर्ट चांगला आहे. दर तीन महिन्यांनी पाहत राहू.

आणि इथं मावशीची चूक झाली. जी बाई देवालाही आकड्यांशिवाय काही सांगत नसे, तिनं पुढच्या रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष दिली की प्रभूनं रीनाला पूर्ण बरं केलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. चर्चमध्ये ती फार मोठी गोष्ट. त्याच आठवड्यात आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा ठरली. मी म्हटलं, "तीन महिन्यांनी ठेवू." मावशी म्हणाली, "आभार मानाले कोणी थांबते का?" तिचा चेहरा असा उजळला होता की पुढे बोलायची माझी छाती झाली नाही. खरं सांगायचं तर माझी बोलायची इच्छाही नव्हती. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी माल परत पाठवणारा मी, पण त्या रिपोर्टचं दुसरं पान उलटून पाहिलं नाही.

गच्चीवर मांडव टाकला. ढोलक होती, पेटी होती, पुलाव होता. रीनानं नवी अबोली साडी नेसली होती. डोक्यावर बोटभर केस आले होते, ते लपवायचे नाहीत असं तिनं ठरवलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी मेली होती, माझ्या प्रभूनं मला जीव परत दिला." ग्रेसी मध्येच ओरडली, "मी बर्फी सोडली होती!" सगळे हसले आणि कोणीतरी तिच्या तोंडात बर्फी घातली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो अमरावतीपर्यंतच्या नातलगांत फिरला.

त्या व्हिडिओनं रीनाला बांधून घातलं. लोक आपापल्या आजारी माणसांना तिच्याकडे आणू लागले. तीन-चार घरांत तिला बोलावून पुन्हा साक्ष द्यायला लावली. "तू तर आमचा पुरावा आहेस," असं एक बाई तिला बाजारात म्हणाली. जूनमध्ये रीनाची पाठ दुखू लागली. तिनं कोणाला सांगितलं नाही. तीन महिन्यांची तपासणी आली तेव्हा, शाळेत प्रवेशाची गडबड आहे, पुढच्या महिन्यात जाऊ, असं मला म्हणाली. मी मान डोलावली. ती दुखण्याच्या गोळ्या खायची आणि ओट्याला टेकून पोळ्या लाटायची. दमली असेल, एवढंच मला वाटायचं.

ओळखलं ते मावशीनं. ऑगस्टमध्ये कोणाकडे तरी प्रार्थना होती. सगळे सतरंजीवरून उठले आणि रीना भिंत धरून उठली. मावशीनं तिथं काही विचारलं नाही. आमच्या घरी आणलं, पालथं झोपवलं, पाठीच्या कण्यावरून बोट खाली नेलं. एका जागी रीना किंचाळली.

"कधीपासून वं?"

"जूनपासून."

"आन् काहून नाई सांगतलं मले?"

रीना उशीत तोंड घालून म्हणाली, "मावशी, मी साक्ष दिली होती ना. आता दुखते म्हटलं तर देव खोटा पडते."

मी दारात उभा होतो. मावशी पलंगाच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "देव नाई वं माय. मी पडते खोटी. मी." 

आजार मणक्यात आणि यकृतात पोचला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता बरं करण्याचा नाही, दुखणं कमी ठेवण्याचा प्रयत्न करू. आधी आलो असतो तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित फरक पडला नसता, नक्की कोणी सांगू शकत नाही. बाहेर बाकावर मावशी बसली होती. माझा तोल गेला. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मी तिला म्हणालो, "तुमच्या उपकारस्तुतीनं माझ्या बायकोचे अडीच महिने खाल्ले." ती 'कदाचित'चा आधार घेऊ शकली असती. तिनं घेतला नाही. "हो," म्हणाली. मग म्हणाली, "ग्रेसीची शाळा सुटाची वेळ झाली. मी जाते तिले आणाले." आणि त्या पांढऱ्या बुटांनी जिना उतरून गेली. मी बोललेले शब्द मी आजवर परत घेऊ शकलो नाही. ती मात्र आपले शब्द परत घ्यायला निघाली होती.

तिनं पाळकसाहेबांकडे रविवारी बोलायला वेळ मागितला. माणूस भला होता, पण घाबरला. "मावशी, आपण घरी जाऊन प्रार्थना करू. असं उघड बोललं तर लोकांचा विश्वास डळमळेल." मावशी म्हणाली, "साहेब, चुकीचा ओव्हर दिला तर पेशंट जाते. मी तो साऱ्याईसमोर दिला, आता दुरुस्त पण साऱ्याईसमोरच करावं लागन."

रीना हट्टानं आली होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. साक्ष द्यायच्या जागी मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "जय ख्रिस्त. चार महिन्यांआधी मी इथं सांगतलं का प्रभूनं रीनाले पूर्ण बरं केलं. ते मले प्रभूनं सांगतलं नव्हतं. डॉक्टरनंही नाई. डॉक्टर म्हणाले होते, सध्या ठीक आहे, पुढे पाहू. ते 'पुढे पाहू' मी गिळून टाकलं. काहून का मले ती बरी पाहिजे होती. माझ्या मैत्रिणीची पोरगी आहे ती, मले दुसरं कोणी नाई. माझी साक्ष खोटी होती, मी ती मागे घेते. दुखणं परत आलं आहे, मणक्यात आहे. तिनं ते आपल्या साऱ्याईच्या मानासाठी लपवून ठेवलं. देवाची चूक नाई, तिच्या विश्वासाची नाई. माझी आहे. मले माफ करा."

पुढच्या बाकावरचं एक कुटुंब उठून बाहेर गेलं. मग खिडकीजवळ बसलेली एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या पोराची दारू सुटली म्हणून मीही साक्ष देल्ली होती. पंधरा दिवसही नाई टिकलं ते." कोणीतरी हुंदका दिला. माझ्या बाजूला रीना मान खाली घालून बसली होती. ती कोणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मले भीती वाटून राहिली." आजाराला वर्ष उलटलं होतं आणि हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. बायका उठून तिच्याभोवती गोळा झाल्या. त्या दिवशी कोणी तिला धीर धर म्हटलं नाही.

पुढचे महिने रीना पलंगावरच होती. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात असायचं, तेव्हा ती ग्रेसीच्या वह्यांना कव्हरं घालायची, ग्रेसीच्या फ्रॉकची टीप उसवून लांबी वाढवून ठेवायची. एका गोष्टीनं मात्र ती आतून पोखरली जात होती. ग्रेसी तिच्याजवळ झोपेनाशी झाली होती. जन्मापासून आईच्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय न झोपणारी पोरगी आपली चटई उचलून समोरच्या खोलीत जायची. बोलावलं तर मान हलवायची. रीना मला म्हणाली, "माझ्या अंगाला औषधाचा वास येते. पोरगी भिते मले." मी म्हटलं, तसं काही नाही. पण मलाही तेच वाटत होतं.

मावशीनं एका दुपारी ग्रेसीला समोर बसवून सरळ विचारलं. ग्रेसीनं बोटांवर मोजून दाखवलं. बर्फी सोडली. दुधातली साखर सोडली. कार्टून सोडलं. बाहुली कपाटात वर ठेवून दिली. तरी मम्मी बरी होत नाही. "मग मी सगळ्यात आवडतं सोडलं," ती म्हणाली. "मागच्या वेळी नुसती बर्फी सोडली होती तर येशूनं ऐकलं होतं. आता तो मोठं मागत असेल."

आत पलंगावर रीनाला हे ऐकू गेलं. तिचा रडण्याचा आवाज आला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

मावशीनं ग्रेसीचा हात धरला आणि तिला आत नेलं. पलंगाजवळ खाली बसली, गुडघे दुखत होते तरी. म्हणाली, "रीना, मोठ्याईसमोर मी साक्ष मागे घेतली. हिच्यासमोर राहिलीच होती." मग ग्रेसीकडे वळली. "हे पाह्य माय. तुह्या बर्फीनं मम्मी बरी झाली नव्हती. मम्मी बरी झालीच नव्हती. मी उगाच सांगतलं, मले घाई झाली होती. मी म्हातारी आहे, तरी चुकली. तू काही कमी नाई केलं. तुहं सारं त्याले पोचलं."

"मग तो बरं का करत नाही?"

"मले नाई माहीत. मी त्याले रोज विचारते."

ग्रेसीनं आईकडे पाहिलं. रीनानं डोळे पुसले आणि जे मी चार महिने सांगू शकलो नव्हतो ते सांगितलं. हळू आवाजात, बालवाडीतल्या पोरांना सांगते तसं. मम्मी बरी होणार नाही. अजून थोडे दिवस आहे, मग नसेल. पप्पा असतील, मावशी असेल. ग्रेसीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी आता काय सोडू?"

"काहीच नाई सोडाचं," मावशी म्हणाली. "चप्पल काढ, वर चढ. मम्मीच्या त्या बाजूले सुई लागली आहे, या बाजूनं जा."

ग्रेसी चढली. रीनानं दंड पसरला. भर दुपारी, बाहेर भाजीवाला ओरडत असताना दोघी झोपून गेल्या. मावशी उठली, चादरीचा कोपरा नीट केला आणि मला म्हणाली, "चहा टाका जवाईबापू." मी चहा टाकला. तिनं तो घेतला नाही, नुसता कप धरून बसली.

त्यानंतर रीना दीड महिना होती. रोज ग्रेसी तिच्या दंडावर झोपली. मावशीची प्रार्थना पुन्हा पूर्वीसारखी झाली, फक्त तीत बरं करण्याची मागणी नसायची. "आज दोन घास वरण-भात गेला. पाठ दुखते. पोरीनं गोष्ट सांगतली, हसली. आजचा दिवस असाच जाऊ दे." रीना एकदा म्हणाली, "मावशी, आता बरं वाटते ऐकायले. खरं असते ते."

जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला रीना गेली. आम्ही तिघं जवळ होतो. दुपारी दफन झालं. चर्चच्या लोकांनी गाणी म्हटली, मी हातात माती घेऊन ती टाकायची विसरलो आणि मावशीनं माझी मूठ उघडली. ग्रेसी रडली नाही. तिला सांगितलं तसं तिनं केलं, फुलं टाकली, सगळ्यांचे हात हातात घेतले.

संध्याकाळी घर भरलं होतं. ग्रेसी पलंगावर पाय सोडून बसली होती. एक बाई तिच्याजवळ बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "रडायचं नाही हं बेटा. देवाला तुझी मम्मी खूप आवडली, त्याला ती हवी होती, म्हणून त्यानं नेली. तू रडलीस तर देवाला वाईट वाटेल." बाई वाईट नव्हती. असंच बोलतात सगळे. ग्रेसीनं शहाण्यासारखी मान डोलावली.

मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथून उठून आली, त्या बाईच्या आणि ग्रेसीच्या मध्ये बसली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"देवाले काय कमी होतं?" ती म्हणाली. "मम्मी पाहिजे होती ते हिले. रड तू माय, पाहिजे तेवढी रड. वाईट वाटत असंन त्याले, तर वाटू दे."

ग्रेसीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं तोंड उघडलं आणि मोठ्यानं, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल असा हंबरडा फोडला. मावशीनं तिला मांडीवर ओढून घेतलं आणि ती थांबेपर्यंत कोणाला जवळ येऊ दिलं नाही.